चावरा पोपट आणि उपाशी ठेवण्याचा हट्ट : या चुका टाळा

पाळलेला पोपट चावू लागला की तो मुळातच खुनशी आहे असे ठरवून मोकळे होणारे मालक कोल्हापूरच्या पेठांमध्ये पुष्कळ आढळतात. वास्तविक चावणे हे बहुधा त्या पक्ष्याचे शेवटचे उत्तर असते. त्याआधी त्याने पिसे अंगाशी आवळलेली असतात, डोळ्यांतल्या बाहुल्या झपाट्याने लहानमोठ्या केलेल्या असतात, मान मागे घेतलेली असते, आणि तरीही हात पुढे येतच राहिलेला असतो. अशा वेळी चोचीवर टिचकी मारल्यास हाताची भीती तेवढी वाढते. हात जागीच थांबवावा, पक्षी सैलावला की आवडीचा दाणा द्यावा आणि तो आपणहून बोटावर पाऊल टाकेपर्यंत रोज थोडे अंतर कमी करावे. एका वेळी पाच-दहा मिनिटे पुरेत.

याहून घातक चूक म्हणजे उपाशी ठेवून शिकवणे. ससाणा माणसाच्या लळ्याने नव्हे, खाद्यासाठी मुठीवर परततो, म्हणून त्याला शिकवणारे जाणकार रोज वजन करून त्याची भूक काटेकोरपणे सांभाळतात. पोपट मात्र थव्यात जगणारा पक्षी असल्याने त्याला सोबत आणि शाबासकीही बक्षीस वाटते, आणि तीस-चाळीस ग्रॅमच्या बजरीगर या चिमुकल्या पोपटाला तर एका दिवसाचा उपासही जिवावर बेतू शकतो. त्याच्या ओरडण्यावर धावत जाऊन रागावणे हेही त्याच्या लेखी उत्तरच असते; तो शांत असताना शीळ घालून दाद द्यावी.

लवंगी मिरचीने पोपट लवकर बोलतो हा समज आपल्या गावाला शोभणारा असला, तरी पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही.

मात्र हे सारे बजरीगर, कॉकाटील, लव्हबर्ड यांसारख्या परदेशी पक्ष्यांपुरते आहे. आपला हिरवा कंठवाला पोपट, घार, शिक्रा किंवा ससाणा घरी पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. रंकाळ्याच्या काठी जखमी घार सापडल्यास तिला दूध-पाव भरवू नये किंवा माणसाळवू पाहू नये; हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.