‘११०-११७’ची केस: कोर्टात उभं राहण्याआधी

मी तालुका कोर्टात वकिली करते, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा समितीच्या पॅनेलवरही आहे. बसस्टँडवर आरडाओरडा केला, ढकलाढकली झाली, पोलिसांनी केस केली, अशी विशीतली मुलं आमच्याकडे नेहमी येतात. सोबत बहुतेकदा घाबरलेली आई असते. हे दोघांसाठीही लिहिते आहे.

आधी समन्सवरचं कलम वाचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं ११० म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन, ११२ म्हणजे शांतताभंग होईल असं वागणं. पुढे ११७ जोडलेलं असतं, ते शिक्षेचं कलम. त्यात फक्त दंड आहे, कैद नाही. दारूच्या नशेत लोकांना त्रास दिल्याचा आरोप असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३५५ लागतं: २४ तासांपर्यंत साधी कैद, किंवा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, नाहीतर सामुदायिक सेवा. जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भादंवि) ५१० मध्ये हाच दंड १० रुपये होता. दारूबंदी कायद्याचं ८५ लावलं असेल तर प्रकरण जड आहे, वकिलाशिवाय उभं राहू नका.

तारखेला कोर्ट बसायच्या आधी पोचा. आधार कार्ड, समन्स आणि थोडी रोकड जवळ ठेवा, मोबाईल बंद करा. बाहेरच्या बोर्डावर आपला नंबर पाहा आणि दारापासून लांब जाऊ नका. पुकारा झाला आणि तुम्ही चहाला गेलेले असलात, तर एवढ्याशा केसमध्येही वॉरंट निघू शकतं.

आत गेल्यावर फार काही घडत नाही. न्यायाधीश आरोप थोडक्यात सांगतात आणि विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ आरोप कळला नसेल तर ‘साहेब, पुन्हा सांगा’ म्हणा. कुणी रागावत नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. व्हरांड्यात कुणीतरी सांगतंच, ‘कबूल करून टाक, दंड भर, तासाभरात मोकळा.’ पोरं मान डोलावतात. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी, कोर्टाने दोषी ठरवणं. त्यानंतर अपील उरतं ते फक्त शिक्षा किती आणि कायदेशीर आहे का एवढ्यापुरतं, दोषाबद्दल नाही. पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायच्या फॉर्ममध्ये, खटला, अटक, शिक्षा यांची माहिती विचारतात, तिथे हे लिहावं लागतं. नोकरीच्या फॉर्ममध्ये केस लपवण्याबद्दलच्या २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्षुल्लक गुन्ह्याकडे सहानुभूतीने पाहायला वाव ठेवला आहे, पण त्या भरवशावर काही लपवू नका. खरं लिहा.

म्हणून तुम्ही ते केलंच नसेल तर ‘नाकबूल’ म्हणा. तारखा पडतील, पोलीस आणि पंच साक्षीला येतील, हेलपाटे होतील. केलं असेल आणि पहिलीच वेळ असेल, तर कबुलीआधी वकिलामार्फत परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली अर्ज द्या. कलम ३ खाली न्यायाधीश ताकीद देऊन सोडू शकतात, आणि कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही. हा अर्ज आपणहून क्वचितच कुणी सुचवतं, तुम्हीच मागा.

वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातल्याच विधी सेवा समितीच्या खोलीत जा किंवा १५१०० ला फोन करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट नाही.

३५५ सारख्या कैदेच्या कलमात कधी ‘कोर्ट उठेपर्यंत कैद’ अशी शिक्षा होते, ते ऐकून आई रडायला लागते. मावशी, त्याचा अर्थ एवढाच की संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत त्याने तिथेच बसायचं. डबा सोबत असू द्या.

दंड भरलात की पावती घ्या आणि निकालाच्या नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज करा. भरतीच्या वेळी हीच नक्कल मागतात.