सेंद्रिय टोमॅटो जास्त चवदार? चव ताडून पाहताना या चुका टाळा

सेंद्रिय आणि रासायनिक खतांवरचा टोमॅटो शेजारी ठेवून चाखला, तरी आपण बहुतेक वेळा चाखतो ते वाणातला फरक. एकीकडे पातळ सालीचा गावरान आणि दुसरीकडे वाहतुकीत टिकावा म्हणून निवडलेला जाड सालीचा संकरित, ही तुलनाच नव्हे. दोन्ही शेतांत एकच वाण हवा. अर्का रक्षक तर दोन्हीकडे अर्का रक्षक.

त्याखालोखाल घोळ होतो पिकण्यात. लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो रंग फिरू लागताच तोडतात. जवळ विकायचा झाडावरच लाल होऊ देतात. झाडावर मिळालेल्या त्या जादा दिवसांची गोडी मग ‘सेंद्रिय’च्या नावावर जमा होते. म्हणून पूर्ण लाल फळं दोन्हीकडून एकाच दिवशी तोडून आणा. पाण्याचंही विचारा. तोडणीआधी जोरदार पाऊस झाला असेल, तर खत कोणतंही असो, फळ पांचट लागतं.

फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंश सेल्सिअसखाली काही दिवस राहिलेल्या टोमॅटोचा वास मंदावतो आणि बाहेर काढल्यावरही पुरता परतत नाही.

कापताना आडव्या चकत्या नकोत. आंबटपणा मुख्यतः बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात असतो आणि चकतीगणिक तो कमीजास्त येतो. देठापासून बुडापर्यंत उभ्या फोडी करा, म्हणजे साल, मगज आणि गर तिन्ही तोंडात जातात. गर ताटात सांडलेली फोड सरळ बाजूला काढा. मीठ, चाट मसाला अजिबात नको.

‘हा सेंद्रिय’ असं सांगून चाखायला दिलं की चाचणी तिथेच संपली. प्रत्येकाला तीन फोडी द्या, दोन एका शेतातल्या, एक दुसऱ्या शेतातली. वाट्यांवर ४१७, ८५२ असे आकडे लिहा, क्रम दर वेळी बदला, डोळे मिटायला सांगा आणि ‘वेगळी कोणती?’ एवढंच विचारा. मध्ये साधं पाणी. नुसत्या अंदाजानेही तिघांपैकी एकाचं उत्तर बरोबर येतं. त्यामुळे १२ जणांपैकी निदान ८ जणांनी वेगळी फोड ओळखली, तरच फरक आहे म्हणा. ‘आवडली कोणती’ हा प्रश्न त्यानंतरचा.

ब्रिक्स, म्हणजे रसाच्या गोडीचा आकडा, मोजणार असाल तर एका फळावर थांबू नका. एकाच झाडावरची फळंही सारखी नसतात. दोन्हीकडची दहा-दहा फळं मोजून सरासरी काढा. हा आकडा रसात विरघळलेल्या पदार्थांचा, मुख्यतः साखरेचा असतो. आंबटपणा आणि वास त्यातून कळत नाही.