विंडसर्फिंगसाठी परदेशी जायचंय? तिकीट काढण्याआधीची तयारी

विंडसर्फिंगच्या नावाजलेल्या ठिकाणांची नावं विचारली की हवाईतल्या माऊई बेटाचं होओकिपा, ग्रान कॅनारियाचं पोझो इस्किएर्दो, स्पेनच्या टोकाचं तारिफा ही ठरलेली उत्तरं येतात. जागा अस्सल आहेत, पण त्यांचं नाव झालंय ते तिथे उतरणाऱ्या अव्वल लोकांमुळे. नामिबियात ल्युडरिट्झला तर वेगाच्या विक्रमांसाठी खास कालवा खणलाय. २०१५ मध्ये आंत्वान आल्बो या फ्रेंच विंडसर्फरनं तिथेच ५३.२७ नॉटचा वेग गाठला (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). कौतुक वाटतं, सुट्टी घालवायला जावंसं मात्र वाटत नाही.

तेव्हा नकाशा उघडायच्या आधी कागद घ्या आणि स्वतःबद्दल खरं खरं लिहून काढा. निघालेल्या जागी परत येता येतं का, की दर वेळी वाहत खाली जाऊन बोर्ड ओढत किनाऱ्यानं चालत यावं लागतं? पाय टेकत नाहीत अशा पाण्यात वॉटरस्टार्ट जमतो का, म्हणजे सेलमध्ये (शिडात) वारा भरून पाण्यातूनच बोर्डवर उभं राहता येतं का? हार्नेस, म्हणजे सेलची ओढ अंगावर घेणारा पट्टा, वापरता का? वेगात असताना जाइब (वाऱ्याकडे पाठ करून वळणं) होतो, की प्रत्येक वळणावर आंघोळ? आणि आजवर जास्तीत जास्त किती वाऱ्यात, किती चौरस मीटरच्या सेलवर उभे राहिलात? ‘बऱ्यापैकी येतं’ या उत्तराचा इथे उपयोग नाही. १२ नॉटच्या वाऱ्यात बऱ्यापैकी येणाऱ्या माणसाला २४ नॉटमध्ये काहीच येत नसतं, कारण वेग दुप्पट झाला की सेलवरचा जोर चौपट होतो.

यानंतर बहुतेक जण ‘तिथे वारा किती?’ असं विचारतात. माझ्या मते आधी विचारायचं ते ‘वारा कुठून कुठे?’. प्रत्येक जागेचा उपग्रह नकाशा काढा, त्या हंगामातला वारा ज्या दिशेनं येतो तो बाण त्यावर काढा आणि बघा की सेल फाटला, मास्ट (सेलची उभी काठी) बोर्डाला जोडणारा सांधा तुटला किंवा नुसते दमलात, तर पाणी तुम्हाला कुठे नेऊन सोडेल. वारा किनाऱ्याला समांतर किंवा थोडा आत ढकलणारा असेल तर फार तर चालत यावं लागेल. तो किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहत असेल तर प्रकरण वेगळं. असा वारा फसवा असतो. काठाजवळ पाणी अगदी सपाट, घरांच्या आणि टेकड्यांच्या आडोशामुळे वारा बेताचा, म्हणून मोठा सेल लावून निघावंसं वाटतं. दोनशे मीटर बाहेर गेलं की आडोसा संपतो, वारा दुप्पट होतो आणि परत यायचं तर त्याच्याच तोंडावर.

याचा अर्थ अशा जागा टाळायच्या असा नाही. ग्रीसमध्ये कार्पाथोसच्या आफियार्तिसला मेल्टेमी वारा बाहेरच ढकलतो, तरी लोक तिथे वर्षानुवर्षं जातात. सपाट पाणी आणि सणसणीत वारा एकत्र मिळतो तो याच मांडणीमुळे. तिथे शेजारी शेजारी तीन उपसागर आहेत. शिकाऊंचा चिकन बे, मधला गन बे आणि नावाला जागणारा डेव्हिल्स बे. अशा जागी बचाव बोट किती वाजेपर्यंत चालू असते, ती साहित्य भाड्यानं देणाऱ्या केंद्राचीच असते की बाहेरून बोलवावी लागते, तिचे पैसे वेगळे लागतात का, हे तीन प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचे. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा यादीतून खोडायची.

एकाच ठिकाणी दिवसातून दिशा बदलते अशाही जागा आहेत. इटलीतल्या गार्डा तळ्याच्या उत्तर टोकाला तोर्बोलेत पहाटेपासून पेलेर नावाचा वारा उत्तरेकडून येतो, म्हणजे किनाऱ्यापासून दूर नेणारा. दुपारी ओरा हा दुसरा वारा दक्षिणेकडून चढतो आणि तुम्हाला थेट तोर्बोलेच्या काठावर आणून सोडतो. नवशिक्यानं ओरा धरावा, पेलेर लांबूनच बघावा. अमेरिकेत हूड रिव्हर नावाच्या गावी गंमत याच्या उलट. कोलंबिया नदी वाहते पश्चिमेला आणि उन्हाळी वारा येतो पश्चिमेकडून, त्यामुळे पाण्यात पडलात तर प्रवाहच तुम्हाला वाऱ्यावर चढवत राहतो. मात्र वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडल्यामुळे लाटा उभ्या उठतात, आणि त्याच पाण्यातून मालवाहू बार्जही जातात.

मग महिना. खरं तर कुठलीही जागा ‘वाऱ्याची’ नसते, त्या जागेचे काही महिने वाऱ्याचे असतात. एजियन समुद्रातला मेल्टेमी जून ते सप्टेंबर, त्यातही जुलै-ऑगस्ट जोरात. पारोस, नाक्सोस, ऱ्होड्सचं प्रासोनिसी ही सगळी मंडळी त्याच पंगतीतली. ब्राझीलच्या जेरीकोआकोआराला जुलै ते डिसेंबर. केप टाउनला नोव्हेंबर ते मार्च. व्हिएतनाममधल्या मुई नेला साधारण तेच महिने, पण तिथला वारा ईशान्य मोसमी. कॅरिबियनमधल्या बोनेरला व्यापारी वारे डिसेंबरपासून ऑगस्टपर्यंत भरवशाचे असतात आणि त्यानंतर मंदावतात. रजा फेब्रुवारीत मिळणार असेल तर ग्रीसवर एकाच फटक्यात काट मारता येते, आणि हे लक्षात आल्यावर निम्मा घोळ संपतो. हंगामाच्या दोन्ही टोकांना सगळं स्वस्त असतं, ते उगाच नसतं.

आता आकडे. वाऱ्याच्या वेबसाइटवर ‘जुलैत ७० टक्के’ असं दिसलं की पाघळू नका, कशाचे ७० टक्के ते बघा. पुष्कळदा तो ४ बोफर्ट किंवा त्याहून जास्त वाऱ्याचा हिशेब असतो. ४ बोफर्ट म्हणजे ११ ते १६ नॉट. अकरा नॉटला साध्या फिनच्या (खाली पातं असलेल्या) बोर्डवर सरासरी वजनाचा माणूस प्लेनिंगला, म्हणजे पाण्यावर उचलून वेगानं सरकायला, लागत नाही, नुसता तरंगत फिरतो. शिकाऊला तेवढा वारा उत्तम, तुम्हाला फूटस्ट्रॅपमध्ये पाय अडकवून सुटायचं असेल तर निरुपयोगी. वारा मोजणारं केंद्र कुठे आहे तेही पाहा. ते विमानतळावर किंवा टेकडीच्या मागे असेल तर पाण्यावरचं चित्र वेगळं असू शकतं.

आणखी एक गोष्ट टक्केवारी सांगत नाही. वाऱ्याचे दिवस सुटे सुटे येत नाहीत, गठ्ठ्यानं येतात. हवेच्या दाबाच्या मोठ्या प्रणालींवर चालणाऱ्या जागी, उदाहरणार्थ त्रामोंतान वाऱ्यावर जगणाऱ्या फ्रान्सच्या ल्यूकातला, पाच दिवस थैमान आणि पुढचे पाच दिवस शुकशुकाट असं होऊ शकतं. तुमचा आठवडा नेमका कुठल्या पाच दिवसांवर पडेल ते सहा महिने आधी कुणीच सांगू शकत नाही. जमीन तापल्यामुळे उठणारे वारे त्या मानानं घड्याळ पाळतात. ग्रीसच्या वासिलिकीत सकाळी झुळूक, दुपारी डोंगराकडून आडवा जोरदार वारा. नेहमीच्या लोकांनी त्याचं नावच एरिक ठेवलंय. पर्थला दुपारी येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला फ्रीमँटल डॉक्टर म्हणतात. आठवडाभराचीच रजा असेल तर मी असल्या जागेकडे झुकेन. यांचंही एक दुखणं आहेच. आभाळ भरून आलं, जमीन तापली नाही, की वारा उठत नाही. शिवाय डोंगरांमधला हा स्थानिक वारा ढोबळ हवामान मॉडेलला पकडता येत नाही, म्हणून गार्डासाठी मोबाइलवरचा अंदाज ६ नॉट दाखवत असेल तर लगेच हिरमुसायचं कारण नाही.

तारिफाला दोन्ही तऱ्हा भेटतात. पश्चिमेचा पोनिएन्ते बराच समजूतदार. पूर्वेचा लेवान्ते जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून पिळून आल्यासारखा येतो, झटक्याझटक्यानं, कधी कधी सलग कित्येक दिवस. पट्टीच्या माणसालाही तो दमवतो.

पाण्याकडे वळू. शिकणाऱ्याला कंबरभर पाणी, खाली वाळू आणि लाट नाही एवढं मिळालं तर प्रगती झपाट्यानं होते, कारण पडल्यावर पुन्हा उभं राहण्यात शक्ती जात नाही. बोनेरचा लॅक बे आणि तुर्कस्तानातलं अलाचाती यासाठीच नावाजलेत. फुएर्तेवेंतुराच्या सोतावेंतोचा लगूनही (किनाऱ्यालगतचं खाऱ्या पाण्याचं तळं) उथळ, पण त्याची एक मेख आहे. त्यात पाणी येतं भरतीला आणि तो नीट भरतो अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती चालू असताना पोचलात तर ज्याच्या भरवशावर आलात तो लगून जवळपास कोरडा, आणि समोर उघडा समुद्र. विमानाची तारीख ठरवण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडायचं ते असल्या ठिकाणांसाठी.

फॉइल, म्हणजे बोर्डाखालच्या दांडीवरचा पंख जो बोर्ड पाण्याबाहेर उचलतो, तो वापरणाऱ्याचं गणित अगदी उलटं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून तिथला विंडसर्फिंगचा वर्ग फॉइलचाच झालाय. त्या फॉइलची दांडी ९५ सेंटीमीटरची असते, म्हणजे शिकाऊंचा लाडका लगून तुमच्या उपयोगाचा नाही. तळ कसा आहे हेही विचारा. तांबड्या समुद्रात प्रवाळ आणि सागरी अर्चिन (काटेरी प्राणी) आहेत, त्यामुळे इजिप्तमधल्या दहाबला जाताना बूट लागतातच. कॅरिबियनमध्ये २०११ पासून सार्गासम या तरंगत्या शेवाळाचे मोठाले लोंढे येतात. फिनमध्ये शेवाळ अडकलं की बोर्ड जागच्या जागी थबकतो आणि तुम्ही पुढे जाता. मागे झुकलेली वीड फिन मिळेल का, ते केंद्राला आधीच विचारून ठेवा.

तापमानाच्या बाबतीत अक्षांशावर विसंबू नका. केप टाउनला भर उन्हाळ्यात टेबल बेचं पाणी हाडं गोठवतं, कारण आग्नेयेचा वारा वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. थोडक्यात, वारा जितका चांगला तितका वेटसूट जाड. तिथून उत्तरेला असलेल्या लांगेबानच्या लगूनमध्ये पाणी त्या मानानं सुसह्य.

सामान न्यायचं की तिथे भाड्यानं घ्यायचं, यावर लोक तासन् तास भांडतात. मी भाड्याच्या बाजूनं. दोन मीटरच्या वर लांब बॅग, एका नगाला ३२ किलोची कमाल मर्यादा, बेटांवर जाणाऱ्या छोट्या विमानात ती मावेल याची खात्री नाही, आणि पोचल्यावर टॅक्सीही वेगळी शोधायची. लाटांवर खेळणारे आणि स्पर्धेचे लोक सोडले तर हा व्याप कशाला? मात्र भाड्याचं साहित्य ‘उपलब्ध आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. तुमचं वजन सांगा आणि जोराच्या दिवशी त्या वजनाला लागणारे सेल किती आहेत ते विचारा. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २५ नॉटला साधारण साडेचार चौरस मीटरचा सेल लागतो, आणि त्या दिवशी किनाऱ्यावरच्या सगळ्यांना नेमका तोच हवा असतो. हार्नेस मात्र स्वतःचा न्यावा. दुसऱ्याच्या हार्नेसनं बरगड्या सोलतात.

विमा, नियम आणि प्रवास यांत फार लिहिण्यासारखं नाही, पण वगळून चालत नाही. प्रवास विम्यात विंडसर्फिंग नावानिशी आहे का, किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत, आणि तुमचा बोर्ड दुसऱ्याला लागला तर भरपाई त्यात येते का, हे पॉलिसीच्या मूळ मजकुरात वाचा. पोहणाऱ्यांसाठी राखलेले पट्टे आणि वेळांचे निर्बंध जागोजागी असतात. माऊईच्या कानाहाला सकाळी ११ च्या आधी सेल घेऊन उतरता येत नाही. उलट गार्डाच्या त्रेंतिनो भागात मोटरबोटींनाच बंदी आहे, तो सगळा फायदा आपला. जेरीकोआकोआराला शेवटचा टप्पा वाळूतून फोर बाय फोरनं जायचा असतो, तेव्हा रात्री उशिरा उतरणारं विमान घेऊ नका.

सोबत कोण आहे, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात आणि तिथेच सुट्टीत ठिणगी पडते. जिथे तुम्हाला २५ नॉट हवेत तिथे जोडीदाराच्या अंगावर दिवसभर वाळू उडणार आहे. सोतावेंतोच्या किनाऱ्यावर छत्री लावून पुस्तक वाचायचं स्वप्न कुणाला दाखवू नका. मुलं किंवा न खेळणारी माणसं बरोबर असतील तर गार्डा किंवा वासिलिकीसारखी, सकाळ शांत आणि दुपार वाऱ्याची, अशी जागा घरातली शांतताही राखते. वारा पडलेल्या दिवशी काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या.

हे सगळं चाळून दोन किंवा तीन नावं उरतील. त्या केंद्रांना एकाच मजकुराचा मेल टाका. तुमची पातळी, वजन, तारखा, आणि ‘या आठवड्यात तुम्ही मला इथे बोलवाल का, की दुसरीकडे पाठवाल?’ हा थेट प्रश्न. चांगलं केंद्र कधी कधी ‘मे महिन्यात या’ असं सांगून तुमचे आत्ताचे पैसे सोडतं. अशा केंद्राचा पत्ता जपून ठेवा.

जागा ठरली की शरीराकडे बघा. निघण्याआधी महिनाभर आडव्या दांड्याला लटकायची सवय करा, कारण आधी थकतात ते हाताचे पुढचे स्नायू. सामानात तळहाताला लावायची चिकटपट्टी भरपूर घ्या आणि पहिल्या दिवशी दोन तासांवर थांबा, वारा कितीही छान असला तरी. तळहात पहिल्याच दुपारी सोलले तर पुढचे सगळे दिवस बूम (सेल धरायचा आडवा दांडा) धरवत नाही, आणि केंद्राचं भाडं मात्र चालूच राहतं.