कपाट आवरण्याआधी अंगाचे माप घ्या

घट बसण्याआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन वाळवण्याची आपल्याकडची रीत आहे, आणि कपड्यांचे कपाट रिकामे करून आवरण्यासाठीही वर्षातला हाच काळ मला सर्वांत योग्य वाटतो. साताऱ्याच्या पावसाळ्यात चार महिने कपाटात कोंडलेल्या कपड्यांना कुबट वास धरलेला असतो, त्यामुळे ते एकदा बाहेर काढावेच लागतात. मात्र कपडे बाहेर काढण्याच्या आदल्या दिवशी स्वतःचे माप घ्यावे. मी घरी ब्लाउज शिवते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी मापाला जुना ब्लाउज देतात आणि तो जुना ब्लाउजच त्यांना दोन-तीन वर्षांपूर्वी घट्ट झालेला असतो, म्हणजे नव्या कापडावर जुनीच चूक पुन्हा शिवली जाते.

चार मापे पुरेशी आहेत. पाठीवरून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंतचे अंतर, छातीचा सर्वांत भरलेला घेर, कमरेचा घेर आणि नितंबांचा सर्वांत रुंद घेर इंचांत लिहून ठेवावा. कमर नेमकी कुठे हे कळत नसेल तर एका बाजूला वाकावे. जिथे घडी पडते तिथे कमर. टेप जमिनीला समांतर ठेवावा, श्वास रोखू नये आणि शक्यतो दुसऱ्या कोणाकडून माप करवून घ्यावे. हे आकडे बांध्यात कमीजास्त काय आहे ते सांगतात, एवढाच त्यांचा उपयोग आहे. त्यांवरून मन खट्टू करून घेण्याचे कारण नाही.

छातीपेक्षा नितंबांचा घेर तीन-चार इंचांनी किंवा त्याहून अधिक असेल, तर साडीच्या रंगाचा विचार करण्याआधी परकर तपासावा. नाडीच्या परकराला वर कापडाच्या चुन्या असतात, त्यांवर निऱ्यांचे थर येतात आणि ज्या जागी अंग आधीच भरलेले आहे तिथेच कापडाची जाडी वाढते. त्याऐवजी सहा कळ्यांचा, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद अशा सहा पट्ट्या जोडलेला परकर शिवून घ्यावा. तो कमरेशी सपाट बसतो, नितंबांवरून सरळ उतरतो आणि खालीच पसरतो. एवढा एक बदल केल्यावर तीच साडी वेगळी दिसते, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. अशा बांध्याला कडक खळ दिलेल्या सुती साडीपेक्षा अंगाबरोबर पडणारे मऊ कापड शोभते. कुर्ता घेताना त्याचा खालचा काठ नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर येऊन थांबणार नाही, आणि बाजूचा कट तिथे ताण पडणार नाही इतका वरून सुरू होईल, हे पाहावे.

खांदे रुंद असतील तर फुग्याची बाही आणि आडवा, पसरट गळा टाळून खोल, टोकदार गळा शिवावा. पोटाशी अंग भरलेले असेल तर कमरेवर आवळलेल्या कुर्त्यापेक्षा खांद्यावरून सरळ खाली पडणारा कुर्ता बरा. उंची कमी असेल तर साडीचा उरलेला पन्हा कमरेत खोचावा लागतो आणि तिथे वळकटी होते. म्हणून चपला घालूनच साडी नेसायला सुरुवात करावी, खोचताना कापड चारी बाजूंनी सारखे वाटून घ्यावे आणि काठ घोट्याच्या वर न ठेवता जमिनीपर्यंत येऊ द्यावा. आजीची रुंद काठाची इरकल उंची कमी म्हणून कपाटात ठेवून देणाऱ्यांना माझा हाच आग्रह आहे. काळ्या रंगाने माणूस बारीक दिसते या समजावर मात्र मी फारसा भर देत नाही, कारण मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या काखेच्या घेरात, आवळलेला काळा ब्लाउज कोणालाच शोभत नाही.

आता कपाट. सगळे कपडे पलंगावर काढावेत आणि जे गेल्या वर्षभरात एकदाही अंगावर चढले नाहीत ते वेगळे करून एकेक घालून पाहावे. नुसते आरशासमोर उभे राहून निर्णय घेऊ नये. हात वर करावेत, जमिनीवर मांडी घालून बसावे, एसटीच्या पायरीवर चढल्यासारखा पाय उचलून पाहावा. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षिका रोज साताऱ्याहून मेढ्याला जातात. त्यांचे निम्मे कुर्ते उभ्याने व्यवस्थित बसत होते, पण बसताना मागे ओढले जात होते आणि त्यामुळेच ते वापरात नव्हते. भर पावसात त्या बाजूला जाणाऱ्यांना लवकर वाळणारे कपडे जास्त लागतात, तर माण-खटावच्या उन्हात नोकरी असेल तर सुती कपडेच अधिक ठेवावेत. कपड्यांची संख्या ठरवताना हा विचार आधी करावा.

घट्ट झालेला ब्लाउज टाकण्यापूर्वी उलटा करून बाजूची शिवण पाहावी. चांगल्या शिंप्याने आत माया, म्हणजे शिवणीपलीकडचे जादा कापड, ठेवलेली असते. दोन्ही बाजूंच्या शिवणीत, पुढच्या आणि मागच्या थराला प्रत्येकी अर्धा इंच सोडला तरी एकूण घेर 2 इंचांनी वाढतो. गेल्या वर्षी एका बाईंनी अकरा ब्लाउज देऊन टाकण्यासाठी पिशवीत भरून आणले होते. ते उसवून पाहिले तेव्हा त्यांतल्या सातांमध्ये पुरेशी माया निघाली. सुती कापडावर जुन्या टीपेची रेघ पाणी मारून इस्त्री केल्यावर बरीचशी जाते, रेशमावर ती राहते, म्हणून रेशमी ब्लाउज उसवण्यापूर्वी शिवणीच्या टोकाशी थोडे पाहून घ्यावे. खांदा मोठा झाला असेल किंवा मुंढा आवळत असेल तर मात्र दुरुस्तीवर पैसे घालवू नयेत. तो कपडा ज्याच्या मापाचा असेल त्याला द्यावा. शर्ट निवडताना पुरुषांनीही पोटाआधी खांद्याची शिवण हाडावर येते का ते पाहावे.

ठेवायच्या जरीच्या साड्या सावलीत हवा देऊन, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्यात आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्यांच्या घड्या बदलाव्यात, नाहीतर घडीवर रेशीम तुटते. देण्याजोगे कपडे धुऊन, बटणे लावूनच द्यावेत. विरलेल्या सुती साड्या वाकळेसाठी, म्हणजे गोधडीसाठी, बाजूला काढाव्यात, मात्र त्यांत सिंथेटिक साडी मिसळू नये. तिचा थर शिवताना सरकतो, धावदोरा वाकडा जातो आणि अशी वाकळ घामही शोषत नाही.