रात्री दचकून जाग आली तर: दयेची माळ कशी म्हणावी

मी 22 वर्षं परिचारिका होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत गेली. रात्री घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली, कधीकधी त्यांत मीही असे. "सिस्टर, कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे," असं कोणी म्हणालं की आधी ताप बघायचा, साखर बघायची, कुठलं औषध नवीन सुरू झालंय ते बघायचं. घरीही हाच क्रम ठेवा. झोप उडाली असेल, आवाज ऐकू येत असतील, तर डॉक्टरांकडे जा. त्याने श्रद्धा कमी होत नाही. भूत काढण्याचा गंभीर विधीसुद्धा बिशपांची परवानगी असलेला धर्मगुरूच करू शकतो, आणि हा आजार तर नाही ना, याची खात्री त्यालाही आधी करावी लागते. म्हणून घरच्या घरी सैतानाला दरडावणं, त्याचं नाव विचारणं, असले उद्योग करू नका. त्याच्याशी बोलायचंच नाही. बोलायचं ते देवबापाशी.

मी दैवी दयेची माळ म्हणते, म्हणजे जपमाळेच्या मण्यांवर म्हणायची एक कॅथलिक प्रार्थना. सिस्टर फॉस्तिना कोवाल्स्का या पोलंडच्या संन्यासिनीला ती सप्टेंबर 1935 मध्ये आजच्या लिथुआनियातल्या व्हिल्नियसमध्ये मिळाली. पृथ्वीला शिक्षा करायला निघालेला देवदूत त्यांना दिसला. त्या विनवण्या करू लागल्या. मग आतून ऐकू आलेल्या शब्दांनी देवाकडे दया मागितली, तेव्हा तो दूत हतबल झाला. संकट समोर उभं असताना त्यांनी शस्त्र मागितलं नाही, दया मागितली. हे मला फार उशिरा उमगलं.

माळ नेहमीचीच, रोझरीची, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ. तिच्यात दहा-दहा लहान मण्यांचे पाच गट असतात, एका गटाला दशक म्हणतात. क्रूसाची खूण करा. एकदा 'हे आमच्या स्वर्गातील बापा', एकदा 'नमो मरिया', मग प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना. पुढे प्रत्येक दशकाआधीच्या मोठ्या मण्यावर सनातन पित्याला त्याच्या परमप्रिय पुत्राचं शरीर व रक्त, आत्मा व देवत्व अर्पण करायचं, आपल्या आणि सगळ्या जगाच्या पापांच्या क्षमेसाठी. लहान दहा मण्यांवर त्याच्या दुःखसहनाखातर 'आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर' असं दहादा. अशी पाच दशकं. शेवटी तीनदा: पवित्र देवा, पवित्र सामर्थ्यवाना, पवित्र अमर देवा, आमच्यावर आणि साऱ्या जगावर दया कर. तुमच्या चर्चच्या पुस्तकात शब्द थोडे वेगळे असतील तर तेच म्हणा.

दहाएक मिनिटं लागतात. सुरुवातीला मी नाडी मोजल्यासारखे मणी मोजायचे आणि चार मिनिटांत मोकळी व्हायचे. त्याने छातीतली धडधड आणखी वाढायची. एक श्वास, एक मणी असं धरा. घरात कोणी झोपलेलं नसेल तर ओठांनी म्हणा. नुसतं मनात म्हटलं की भीती मध्येच बोलू लागते, निदान माझी तरी. माझ्या माळेचा एक मणी केव्हाच हरवलाय. तिथे मी अंगठ्याचं पेर धरते. प्रार्थना मण्यांत नाही, त्यामुळे माळ उशाखाली ताईत म्हणून ठेवू नका. पवित्र पाण्याचंही तेच. बोट बुडवून क्रूसाची खूण करायची आणि आपला बाप्तिस्मा आठवायचा. डासांच्या औषधासारखं कोपऱ्याकोपऱ्यात फवारत बसायचं नाही.

आता अवघड भाग. 'आमच्यावर' सहज येतं, 'साऱ्या जगावर' येत नाही. एका व्यक्तीने माझ्याविषयी खोटं पसरवलं होतं. तिनेच माझं काहीतरी वाईट केलंय, माझी झोप तिनेच उडवलीय, असं मनाने घेतलं होतं. वर्षभर मी तिच्यापासून वाचव अशी माळ म्हणत राहिले आणि रोज रात्री तिचाच चेहरा बघत राहिले. कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूकडे पापांची कबुली देताना, हे सांगितलं तेव्हा फादर म्हणाले, एक दशक तिच्यासाठीच म्हणा. मी तिसरं निवडलं. सुरुवात नको आणि शेवटही नको म्हणून. पहिल्या रात्री चार मण्यांवर अडकले. आमची मैत्री झाली नाही, पण अंधारात ती दिसायची थांबली. तुमच्याकडेही असा चेहरा असेल तर एक दशक त्याच्या नावे ठेवा, आणि बराच काळ गेला असेल तर कुमसार करून या. मन असं मोकळं केल्याशिवाय वाइटाविरुद्ध केलेल्या प्रार्थना मला तरी अर्धवटच वाटतात.

रात्री तीनला जाग आली म्हणजे ती सैतानाची वेळ, असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. दयेची घटिका दुपारी तीनची, येशूने प्राण सोडला ती. जमलं तर दुपारी कामातून अर्धा मिनिट थांबून तेव्हाच दया मागा. रात्र थोडी हलकी जाते.

कधी भीती इतकी असते की माळ हातात धरवत नाही. तेव्हा येशूच्या दैवी दयेच्या चित्राखाली लिहिलेलं असतं ते एकच वाक्य: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. तेही सुचलं नाही तर 'हे आमच्या स्वर्गातील बापा'मधली वाइटापासून सोडवण्याची शेवटची ओळ. तिथलं वाईट म्हणजे सैतानच, असं चर्चची धर्मशिक्षा सांगते. म्हणजे लहानपणापासून आपण रोज हेच मागत आलोय.

मरणाऱ्यांच्या उशाशी मी ही माळ पुष्कळदा म्हटली आहे, ती विशेष करून त्यांच्यासाठी म्हणतातही. तिथे एक गोष्ट शिकले: समोरचा मध्येच झोपला तर आपण पुढे चालू ठेवायचं. आणि आपणच झोपलो, तर सकाळी उरलेली दशकं पुरी करायच्या मागे लागू नये. माळ गादीत कुठे गेली तेवढी शोधावी.