वर्षाचं झालं की जेवण का कमी होतं?

सहा-आठ महिन्यांचं असताना वाटीभर मऊ भाजी गट्टम करणारं बाळ वर्षाचं झालं की एकदम तोंड फिरवायला लागतं आणि घरात सगळ्यांना टेन्शन. पण यात बिघडलेलं काही नसतं बहुतेक वेळा. पहिल्या वर्षात वजन साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम 2-2.5 किलो वाढतं, मग भूक कमी होणारच ना!

आधी दूध किती जातंय ते बघा. दिवसाला साधारण 500 मिली पुरे असतं, बाटलीने येता-जाता दूध चालू राहिलं की पोट भरतं, जेवण मागे पडतं आणि लोह कमी पडायला लागतं. बाटली वर्षानंतर हळूहळू बंद करून कपाने द्या, आणि दोन खाण्यांच्या मध्ये 2-3 तास फक्त पाणी.

नवीन भाजी एकदा थुंकली म्हणून "याला आवडत नाही" असा शिक्का मारू नका, 10-15 वेळा समोर आल्यावर मग खातात कितीतरी मुलं. ताटात शिजवलेल्या गाजराचा एकच बोटभर तुकडा, बाजूला ओळखीचं काहीतरी, आणि तुम्ही स्वतः तेच खाताय. त्याने तो नुसता चिवडला तरी चालेल, सांडासांड होणारच. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या, मोबाईल दाखवून घास कोंबणं तर नकोच.

हां, द्राक्षं मात्र उभी चिरूनच द्या, अख्खं घशात अडकतं. आणि वजन वाढतच नसेल तर सरळ डॉक्टरांना दाखवा.