गावचा बाजार की चेन स्टोअर? गोव्यात 'नैसर्गिक' किराण्याचा भाव आणि दर्जा असा ताडून पाहा

पणजी, पर्वरी, मडगाव, म्हापसा, कुठेही जा. 'ऑर्गॅनिक', 'नॅचरल', 'केमिकल-फ्री' अशी पाटी लावलेलं एखादं दुकान आता दिसतंच. एकीकडे कंपन्यांची चेन स्टोअर्स आणि सुपरमार्केटमधला तो हिरव्या पाट्यांचा वेगळा कोपरा. दुसरीकडे गावातलं छोटं दुकान, गोवा बागायतदार या सहकारी संस्थेचा बाजार, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. 'यांत स्वस्त कोण?' असं विचारून काही हाती लागत नाही, कारण सगळ्याच वस्तूंत स्वस्त आणि चांगलं असं एकही दुकान नसतं. दुकान वस्तूगणिक ठरवावं लागतं. ते कसं, ते पाहू.

पहिली पायरी: यादी घरची हवी

दुकानात जाऊन काय काय आहे ते बघत बसलात तर दुकानदाराच्या यादीवर तुलना होईल. आधी स्वयंपाकघरातले डबे उघडा आणि महिन्याला खरोखर लागतं तेवढंच लिहा: उकडे तांदूळ, तूरडाळ, नाचणी, खोबरेल, गूळ, हळद, सुकी मिरची, सोलं (आमसुलं), काजू, अंडी, पालेभाजी. एवढं पुरे. क्विनोआ आणि चिया कुठे स्वस्त आहे हे कळून आपल्या घरखर्चात फारसा फरक पडत नाही. वहीत दुकान, वजन, दिलेली रक्कम, किलोचा भाव, तारीख आणि शेरा एवढे रकाने आखा. शेऱ्याचा रकाना रुंद ठेवा, दर्जा तिथेच लिहायचा आहे.

दुसरी पायरी: सगळं एका मापात आणा

बहुतेकांची फसगत इथेच होते. चेनमध्ये डाळ ५०० ग्रॅमच्या पाकिटात, वाण्याकडे किलोवर. नारळ नगावर, तांबडी भाजी (लाल माठ) वाट्यावर किंवा जुडीवर, आंबे डझनावर. जो तो आपल्या सोयीचं माप धरतो.

पाकिटबंद मालावर छापील कमाल किमतीसोबत 'युनिट सेल प्राइस' छापण्याचा नियम आहे. किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते आणि किलोपेक्षा जास्त असेल तर दर किलोला. त्यामुळे ५०० ग्रॅमच्या पाकिटावर '०.२४ रुपये' वाचून जीव भांड्यात पडतो, पण हजाराने गुणलं की तो किलोला २४० रुपयांचा माल निघतो. वाण्याकडची मोकळी डाळ याच आकड्याशी ताडून बघा. शिवाय काही दुकानं छापील किंमत मुळातच चढी ठेवून वर 'वीस टक्के सूट' देतात. म्हणून वहीत बिलावरची रक्कम लिहायची.

खोबरेलाचा हिशेब जरा सविस्तर सांगतो, कारण गोव्यात हा प्रश्न दर घरात येतो. समजा दुकानात लिटरची बाटली ४६० रुपयांना आहे आणि घाण्यावर किलोला ४८० सांगतात. वरवर बाटली वीस रुपयांनी स्वस्त. पण खोबरेल पाण्याहून हलकं असतं, लिटरभर तेल वजनाला साधारण ९२० ग्रॅमच भरतं. म्हणजे बाटलीतलं तेल किलोला ५०० रुपयांनी पडलं आणि घाणेवालाच स्वस्त ठरला. तुमच्या गावातले आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. लिटरच्या भावाला ०.९२ ने भागलं की किलोचा भाव निघतो.

मोकळा माल घेताना वजनकाट्यावर वजनमापे खात्याचा पडताळणीचा शिक्का आहे का ते पाहा, आणि पिशवी ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का तेही.

तिसरी पायरी: पाटी सोडा, पाकिटाची मागची बाजू वाचा

'नॅचरल' हा शब्द वाटेल तिथे छापायला कायद्याने मुभा नाही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांनुसार तो एकाच नैसर्गिक पदार्थाला, काहीही न मिसळता, खाण्याजोगा करण्यापुरतीच प्रक्रिया केली असेल तर वापरता येतो. दुकानाच्या पाटीवर मात्र तो शब्द सर्रास असतो, आणि पाटी म्हणजे काही आतल्या मालाचं प्रमाणपत्र नव्हे.

'ऑर्गॅनिक'चं तसं नाही, तिथे पुरावा मागता येतो. पाकिटावर 'जैविक भारत', 'इंडिया ऑर्गॅनिक' किंवा 'पीजीएस-इंडिया' (शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेती तपासून दिलेली हमी) असं सेंद्रियाचं चिन्ह, प्रमाणपत्राचा तपशील आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, एवढं शोधा. पीजीएसमध्ये 'ग्रीन' लिहिलेलं असेल तर ती शेती अजून सेंद्रिय होण्याच्या वाटेवर आहे, पूर्ण झालेली नाही. त्याला पूर्ण सेंद्रियाचा भाव कशाला द्यायचा? बाजारात थेट गिऱ्हाइकाला माल विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला या प्रमाणपत्रातून सूट आहे. त्यामुळे म्हापशाच्या बाजारात चिन्ह दिसलं नाही म्हणून तो माल खोटा ठरत नाही. पण दुकानदाराने पोत्यातून काढून स्वतःच्या पिशवीत भरलेल्या 'ऑर्गॅनिक' तूरडाळीला ही सूट लागू नाही. तिथे प्रमाणपत्राचा नंबर मागा. नसेल तर तिला साध्या डाळीच्या रांगेत बसवा आणि भावही तोच धरा.

पाकिटावरची पॅकिंगची तारीख आपल्याकडे जास्त महत्त्वाची. जून ते सप्टेंबर हवेतच एवढी ओल असते की रसायनं न घातलेलं पीठ आणि मसाले लवकर ओल धरतात. चेनमध्ये मोठ्या पाकिटावर सूट असते, पण भर पावसात दोन किलो नाचणीचं पीठ घेऊन शेवटी किड्यांसकट फेकायचं तर सूट कसली.

चौथी पायरी: काजू मोजा

काजूला अख्खी पायरी देतोय, कारण गोव्यात सर्वांत जास्त गोंधळ याच मालात आहे. पाकिटावर डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० असं लिहिलेलं असतं. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात त्याचा. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. घरी पाकीट फोडून १०० ग्रॅम मोजून पाहा. डब्ल्यू १८० असेल तर अदमासे ३७ ते ४० गर भरायला हवेत, डब्ल्यू २४० चे ४८ ते ५३, डब्ल्यू ३२० चे ६६ ते ७०. १८० चे पैसे देऊन ५५ गर निघाले तर पुढच्या वेळी त्या दुकानाची पायरी चढू नका. खिरीला किंवा वाटणाला अख्खे काजू लागतच नाहीत. पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच आणि भाव बराच उतरलेला.

दुसरी गोष्ट, 'गोव्यात तयार' म्हणजे 'गोव्यात पिकलेला' नव्हे. इथले कारखाने आफ्रिकेतून आलेल्या बिया फोडूनही गर विकतात. त्यात गैर काही नाही, फक्त गोव्याच्या बियेचा भाव त्याला देऊ नये. दुकानदाराला सरळ विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर भाव करताना ते ध्यानात ठेवा.

पाचवी पायरी: भाजी आणि अंडी

गोव्यात विकली जाणारी बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, मग ती बाजारात असो की काचेच्या दारामागे. तुलनेला एक पक्का खुंटा हवा असेल तर सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरचे दर टिपून घ्या. तिथले भाव अनुदानित असतात, त्यामुळे बाकीचे किती वर आहेत ते लगेच कळतं.

बाजारात 'गावठी आहे का?' हा प्रश्न फुकट जातो, उत्तर नेहमी 'हय' असंच येतं. त्याऐवजी विचारा, "बाये, ही भाजी खंयची?" गावाचं नाव पटकन आलं, पुढे 'आणि काय लावलंय?' यावर चार गोष्टी बाईने आपणहून सांगितल्या, तर माल तिच्या मळ्यातला असण्याची शक्यता जास्त. तिच्या पुढ्यातलं सामानही पाहा. स्वतः पिकवणारीकडे तांबड्या भाजीच्या काही जुड्या, थोडी केळी, दोन-चार नारळ, लिंबं असा कमी-जास्त माल असतो. एकसारख्या आकाराच्या वीस भाज्यांचे ढीग असतील तर तो घाऊक बाजारातून उचललेला माल. तोही ताजा असू शकतो, पण गावठीचा भाव त्याला लागू नाही. पालेभाजी सकाळी लवकर घ्या, आणि वाटा घरी आणून एकदा तरी तोलून बघा. देठं-मुळं काढल्यावर हाती काय उरतं त्यावरून खरा भाव काढा.

अंड्यांच्या बाबतीत रंगाला भुलू नका. टरफलाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो, तपकिरी अंडं म्हणजे गावठी असं काही नाही. ताजं अंडं पाण्यात तळाशी आडवं बसतं. उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या.

सहावी पायरी: घरची परीक्षा

पहिल्या खेपेला प्रत्येक दुकानातून थोडाथोडाच माल आणा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पेलाभर पाण्यात चमचाभर हळद सोडा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. मिरचीपूड पाण्यावर भुरभुरा, कृत्रिम रंग असेल तर तो रेघा सोडत खाली उतरतो. खोबरेल काचेच्या पेल्यातून फ्रिजमध्ये ठेवा. ते गोठतं, मिसळलेलं दुसरं तेल वेगळा थर धरून राहतं. सोलं दाबून पाहा. ओली असतील किंवा अंगावर मिठाचा पांढरा थर असेल तर तुम्ही पाणी आणि मीठ सोलांच्या भावाने घेतलंत. उकडे तांदूळ मूठभर ताटात पसरा, कणी आणि खडे वेगळे करा, मग एकेक वाटी शिजवा. पेजेत दाणा कसा राहतो आणि वास कसा येतो हे घरातल्या जाणत्या माणसालाच विचारा, त्याला कुठलं चिन्ह बघावं लागत नाही.

यातली कुठलीच परीक्षा माल सेंद्रिय आहे की नाही ते सांगत नाही. ती भेसळ आणि शिळेपणा तेवढा पकडते. फवारणीचे अंश प्रयोगशाळेतच कळतात.

सातवी पायरी: आठवडा तोच ठेवा

चेनचा भाव चतुर्थीच्या तोंडावर आणि बाजाराचा भाव मे महिन्यात टिपलात तर ती तुलना निकामी. चतुर्थीला नारळ आणि भाज्या चढतात. उलट पावसाआधी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या, दिवसांत सुकी मिरची, सोलं, मीठ, कांद्याच्या माळा यांची आवक दांडगी असते, निवडायला वाव असतो. मानकुराद आंबा सुरुवातीला डझनाला जो भाव खातो तो हंगाम चढेल तसा उतरत जातो. दोन्ही दुकानांत एकाच आठवड्यात फिरा, आणि पेट्रोलचा खर्चही वहीत धरा.

माझ्या वहीप्रमाणे म्हणाल तर डाळी, कडधान्यं आणि पीठं यांत चेन किंवा बागायतदार पुढे. सेंद्रिय डाळीला जादा पैसे द्यायचेच तर नंबर असलेल्या पाकिटालाच. खोबरेल घाण्यावरचं. उकडे तांदूळ, सोलं आणि सुकी मिरची ओळखीच्या गावातून. खोला आणि हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन असल्यामुळे त्यांच्या नावावर दुसरी मिरची खपवण्याचा मोह मोठा, म्हणून ती त्या भागातल्या माणसाकडूनच घ्यावी. पालेभाजी बाजारातलीच. तुमचं गाव काणकोणात असेल तर यातलं निम्मं बदलेल.

बिलं मात्र जपून ठेवा, मोकळ्या मालाचंही मागून घ्या. छापील किमतीहून जास्त घेतलं किंवा वजन कमी भरलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर किंवा वजनमापे खात्याकडे तक्रार करता येते. भेसळीचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा आणि पाकीट फोडलं असलं तरी लेबलासकट सोबत न्या.